शब्दचर्चा : ‘गॉड-इन्टॉक्सिकेटेड’

देहूस इंद्रायणीच्या घाटावर बसलों असतां आमच्या पुतण्यानें हातांतील इंग्रजी पुस्तिकेंतल्या एका विशेषणावर बोट ठेवलें. “काका, तुकोबांना ‘गॉड-इन्टॉक्सिकेटेड’ म्हटलें आहे. मग ह्यांत ‘टॉक्सिक’ कसें?” शंका रास्त होती.

ह्या सामासिक विशेषणाचा सांचा जर्मन. नोव्हालिस (१७७२–१८०१) ह्या कवीनें तुकोबांच्याच शतकांतील स्पिनोझा ह्या तत्त्वज्ञास ‘देवानें धुंद झालेला मनुष्य’ म्हटलें. ज्यास १६५६ सालीं ॲम्स्टरडॅमच्या यहुदी समाजानें बहिष्कृत केलें, जग ज्यास नास्तिक म्हणून हिणवीत राहिलें, त्याला हें विशेषण! समास आपल्या तृतीया तत्पुरुषासारखाच. जर्मन शब्दांत मात्र मद्याची धुंदी आहे, इंग्रजींत विषाची. ग्रीक ‘टॉक्सॉन’ म्हणजे धनुष्य. त्यावरून बाणांस माखावयाचें विष तें ‘टॉक्सिकॉन’. तेंच लॅटिनमधून ‘इन्टॉक्सिकेट’मध्यें शिरलें. विष घालणें हा अर्थ आधींचा, नशेचा मागाहूनचा.

पुतण्यास हें रुचलें नाहीं. “त्यापेक्षां आपला ‘देवपिसा’ बरा,” तो म्हणाला. बरा खराच, पण ‘पिसा’ शब्दाचें मूळ ‘पिशाच’ आहे! भक्ताला नांव देतांना तिकडे विष आठवलें, इकडे भूत. ‘ईश्वरोन्मत्त’ असें भाषांतर मात्र कोणीं करूं नये. मराठींत ‘उन्मत्त’ म्हटलें कीं माज डोळ्यांपुढें येतो, आणि तुकोबांच्या ठायीं तो कोठला?

पुतण्यानें पेन्सिल काढून पुस्तिकेच्या समासांत ‘देवपिसा’ लिहिलें.