वेदीशेजारची खुर्ची



मागच्या महिन्यात रविवारची मिस्सा आटोपल्यावर एका माऊलीने आम्हांला चर्चच्या पायऱ्यांवर थांबवले. म्हणाली, "सर, आमच्या पोराला तुम्ही एकदा समजावून सांगा. तुमचं ऐकतो तो." तिचा मुलगा २०२१ च्या नाताळानंतर एकदाही मिस्साला आलेला नाही. घरात संध्याकाळची जपमाळ सुरू झाली की उठून बाहेर जातो. आजीच्या मयतालाही तो चर्चच्या फाटकाबाहेरच उभा राहिला आणि तिथून थेट दफनभूमीत आला.

हा मुलगा आमच्याच धर्मशिक्षणाच्या वर्गात वाढला. त्याची प्रथम कम्युनियनची तयारी आम्हीच करून घेतली. पुढे सहा वर्षे तो वेदीसेवक होता. आता उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला आहे. अशा मुलाने पाठ फिरवली की धर्मशिक्षकाला ते आपले अपयश वाटते. आम्ही मनात चार उत्तरे जुळवून त्याच्या घरी गेलो.

उत्तरे तशीच परत आणावी लागली. आम्ही काही विचारण्याआधी त्यानेच चहा ठेवला आणि म्हणाला, "सर, तुम्ही कशाला आलाय ते ठाऊक आहे मला. पण हार तुमच्याच हातात होता की."

ही हाराची गोष्ट आम्हांला आज सगळ्यांसमोर सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी, निवडणुकीच्या आधी, आमच्या धर्मग्रामाच्या सणाला एका राजकीय नेत्यांना बोलावले होते. नाव सांगत नाही. त्यांच्या जागी दुसरे कुणी असते तरी आम्ही तेच केले असते. त्यांच्यासाठी वेदीशेजारी गादीची खुर्ची ठेवली. मिस्सा संपल्यावर त्यांच्या गळ्यात हार आम्ही घातला. त्यांनी दफनभूमीला भिंत बांधून देण्याचा शब्द दिला, तुमच्या समाजाच्या केसालाही धक्का लागू देणार नाही असे सांगितले, आणि टाळ्या पडल्या. पुढच्या रविवारी युवकांच्या सभेत आम्ही यशयाच्या ४५व्या अध्यायातला कोरेश राजा समजावून सांगितला. पारसाचा हा राजा इस्राएलाच्या देवाला ओळखतही नव्हता, तरी देवाने त्याला आपल्या कामासाठी निवडले आणि त्याच्या हातून बंदिवान लोक घरी परतले. एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. आम्ही पुढे म्हणालो, तसाच हा आपला माणूस देवाने आपल्यासाठी उभा केला आहे. या मुलाने ते मनावर घेतले. सुट्टीच्या दिवशी उन्हातान्हात फिरून त्याने पत्रके वाटली.

मग २३ डिसेंबर २०२१ उजाडला. इथेच, आपल्या बेळगावच्या सुवर्णसौधात, विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केले. ज्याला आपला धर्म बदलायचा आहे त्याने ३० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावे, अशी त्यात अट होती. नाताळ दोन दिवसांवर होता आणि आमची मुले गोठा सजवत होती. त्या दिवसांत आमच्या कोरेशाने एक अक्षर तोंडातून काढले नाही. फोन उचलले नाहीत. नाताळच्या शुभेच्छांचा फलक मात्र चौकात वेळेवर लागला. आणि आम्ही काय केले? त्या वर्षी मध्यरात्रीच्या मिस्सानंतर या विषयावर चकार शब्द काढला नाही. उगाच वातावरण कशाला बिघडवायचे, असे आम्ही एकमेकांना सांगत राहिलो.

मुलगा म्हणाला, "त्याला देवानं निवडलंय असं तुम्हीच सांगितलासा. मग तो गप्प बसला तेव्हा देव पण गप्प बसला, असंच मी समजायचं की नाही?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. घरी परतताना लक्षात आले की वर्गात शिकवलेले इतके नीट समजलेला दुसरा विद्यार्थी आम्हांला मिळालेला नाही. नेता आणि ख्रिस्त यांची गाठ आम्ही मारून दिली होती. त्याने ती खरी मानली. एक टोक सुटले तेव्हा दुसरेही हातातून गेले. आपण अशा मुलांना श्रद्धाहीन म्हणतो, सोशल मीडियाने बिघडवले म्हणतो, वाईट संगतीला दोष देतो. आमचे मत आता वेगळे झाले आहे. यांतल्या कितीतरी मुलांची श्रद्धा आपण मोठ्यांनीच कमकुवत खुंटीला टांगून ठेवली होती. खुंटी निघाली आणि श्रद्धा जमिनीवर पडली.

ही चूक आपल्याच गावात पहिल्यांदा झाली असे नाही. मार्टिन नीमोलर या जर्मन पाळकांची कहाणी आम्ही पूर्वी वर्गात शौर्यकथा म्हणून सांगत असू. आता ती वेगळी वाचता येते. नीमोलर पहिल्या महायुद्धात पाणबुडीवर अधिकारी होते, नंतर पाळक झाले आणि १९३१ पासून बर्लिनच्या दालेम भागात सेवा करू लागले. हिटलर देशाला आणि चर्चला नवी उभारी देईल असे त्यांना मनापासून वाटत होते. १९२४ साली आणि पुन्हा १९३३ साली त्यांनी नाझी पक्षाला मत दिले. त्या काळी जर्मनीत 'जर्मन ख्रिस्ती' नावाचा एक मोठा गट होता. वेदीवर क्रूस आणि शेजारी स्वस्तिकाचा झेंडा, हे त्यांना शोभून दिसत होते. जुलै १९३३ मधल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या निवडणुका या गटाने मोठ्या बहुमताने जिंकल्या. आपण कॅथोलिकांनीही फार मान वर करू नये. त्याच महिन्यात, २० जुलैला, रोमने हिटलरच्या सरकारशी करार केला होता. त्या सरकारचा निषेध करणारे पोप अकरावे पायस यांचे पत्र जर्मनीतल्या चर्चांमधून वाचले गेले ते २१ मार्च १९३७ च्या झावळ्यांच्या रविवारी, जवळजवळ चार वर्षांनी.

नीमोलर यांचे डोळे लवकर उघडले, पण अर्धेच. ज्यू वंशातून आलेल्या पाळकांना चर्चमधून काढा अशी मागणी झाली, तेव्हा त्यांनी इतर पाळकांना एकत्र केले. जानेवारी १९३४ मध्ये चर्चच्या पुढाऱ्यांबरोबर ते हिटलरला भेटले. तिथे गोरिंगने नीमोलर यांचेच त्या सकाळचे टेलिफोनवरचे बोलणे वाचून दाखवले. ज्याच्यावर भरवसा ठेवला त्याची माणसे आपल्या घरातले बोलणे चोरून ऐकत होती! त्याच वर्षी मे महिन्यात बार्मेन इथे जमलेल्या ख्रिस्ती लोकांनी जाहीर केले की चर्चने ऐकायचा शब्द एकच, तो म्हणजे येशू ख्रिस्त. त्याच्या जोडीला दुसरा कोणताही पुढारी किंवा सत्ता बसवता येणार नाही. जुलै १९३७ मध्ये नीमोलर यांना अटक झाली. पुढची जवळजवळ आठ वर्षे कैदेत गेली, आधी साक्सेनहाउसेन आणि मग डाखाउच्या छळछावणीत. तिथे नेत्यावरचा विश्वास तर संपलाच, पण आपण ज्याचे पाळक आहोत ते चर्च तरी खरे चर्च आहे का, या प्रश्नाने त्यांना इतके ग्रासले की त्यांनी ते सोडून देण्याचाही विचार केला.

सुटकेनंतरची एक गोष्ट ते भाषणांतून सांगत. पत्नीला छावणी दाखवायला ते डाखाउला गेले होते. तिथे मारल्या गेलेल्यांच्या स्मरणार्थ लावलेल्या फलकावर वर्षे लिहिली होती, १९३३ ते १९४५. ती वाचून ते हादरले. १९३७ पासून पुढची वर्षे कुठे होतास असे देवाने विचारले, तर त्यांच्याकडे उत्तर होते: कैदेत होतो. पण १९३३ ते १९३७? त्या चार वर्षांत इतर लोक या छावण्यांत कोंडले जात होते आणि ते बाहेर होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये स्टुटगार्ट इथे जर्मन चर्चच्या पुढाऱ्यांनी आपला दोष जाहीरपणे कबूल केला. त्या कबुलीवर नीमोलर यांची सही आहे.

आपली परिस्थिती त्या जर्मनीसारखी आहे असे आम्ही म्हणत नाही. तशी तुलना करणे त्या मेलेल्यांवर अन्याय होईल. आम्हांला त्या कहाणीतून एवढेच घ्यायचे आहे की फसवल्या गेलेल्या माणसाने फसवणाऱ्याला दोष देऊन थांबू नये. आपली चार वर्षे कोणती, हे आपल्यालाच मोजावे लागते.

आमची वर्षे आम्ही मोजली आहेत. सणाच्या दिवशीच्या त्या हारापासून त्या नाताळच्या मौनापर्यंत. आणि त्यानंतरचीसुद्धा, कारण पुढे राज्यात सरकार बदलले, जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला, आणि आमच्यातल्या काहींनी लगेच तीच गादीची खुर्ची पुसायला घेतली. यावेळी दुसऱ्या नेत्यासाठी. खुर्ची कुणासाठी आहे हा प्रश्नच नाही. ती वेदीशेजारी का आहे, हा आहे.

काही जण विचारतील, मग काय ख्रिस्ती माणसाने राजकारणाकडे पाठ फिरवावी? मुळीच नाही. आपण अल्पसंख्य आहोत. दफनभूमीची भिंत, शाळेचे अनुदान, दाखले, रेशन या सगळ्यासाठी दार ठोठवावेच लागते. मत द्यावे, निवेदन द्यावे, कुणाला निवडणूक लढवायची असेल तर लढवावी. नेत्याने काम केले तर आभार मानावेत आणि नाही केले तर जाब विचारावा. ज्याच्याकडे आपण जाब मागू शकतो त्याला पाठिंबा देणे ठीक. पण भरवसा ही वेगळी वस्तू आहे. राजेरजवाड्यांवर भरवसा ठेवण्यातला धोका १४६व्या स्तोत्राने फार पूर्वीच सांगितला आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा आठवा अध्यायही घरी काढून वाचा. लोकांनी इतर राष्ट्रांसारखा राजा मागितला, तेव्हा तो राजा तुमची मुले, शेते आणि कळप कसे घेऊन जाईल हे संदेष्ट्याने एकेक करून सांगितले. तरी त्यांना राजाच हवा होता. आणि कोरेशाबद्दल आम्ही जे अर्धवट शिकवले तेही इथे दुरुस्त करतो. देवाने कोरेशाला वापरले असे यशया सांगतो. कोरेशावर विश्वास ठेवा असे तो कुठेही सांगत नाही.

मग निघून गेलेल्या मुलाशी बोलायचे कसे? याबाबत शुभवर्तमानात आम्हांला एकच वाट दिसते, ती अम्माऊसची. ते दोन शिष्यही एका नेत्याबाबत निराश झाले होते. हाच इस्राएलाला सोडवील अशी त्यांनी आशा धरली होती आणि तो क्रूसावर मेला. ते यरुशलेम सोडून सुमारे ७ मैलांवरच्या गावाकडे निघाले, म्हणजे मंडळीकडे पाठ करूनच. येशूने त्यांना रस्त्यात अडवले नाही. तो त्यांच्याबरोबर त्याच दिशेने चालू लागला. काय झाले ते आधी त्यांनाच सांगू दिले. त्याने त्यांची कानउघाडणी केली, पण त्यांचे सगळे ऐकून घेतल्यावर. आपण बहुतेक वेळा उलटे करतो. कान आधी उघडतो तो दुसऱ्याचा, आपला नाही.

म्हणून आमच्या धर्मग्रामापुढे आम्ही दोन गोष्टी ठेवत आहोत. एक, कोणत्याही पक्षाच्या माणसाला वेदीजवळ खुर्ची, माइक किंवा हार देऊ नये. मिस्साला यायचे तर त्याने आपल्या आजीशेजारी बाकावर बसावे. निवेदन द्यायचे असेल तर ते आपण त्याच्या कार्यालयात जाऊन देऊ. दोन, जी मुले येईनाशी झाली आहेत त्यांच्या घरी जायचे ते ऐकायला, परत आणायला नाही. परत आणणे प्रभूचे काम आहे.

त्या मुलाकडे आम्ही पुन्हा गेलो होतो. आम्ही त्याची माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला एकट्याला सांगून काय उपयोग, सर? टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या होत्या." त्याचे म्हणणे बरोबर होते. म्हणून हा लेख. फादरांच्या परवानगीने येत्या रविवारी मिस्सानंतर हेच आम्ही मंडळीसमोरही बोलणार आहोत. तो येईल की नाही, ठाऊक नाही. त्याच्या आईला आम्ही तसे वचन दिलेले नाही.

प्रभू येशू, तुझ्या शेजारी आम्ही ज्यांना ज्यांना बसवले त्याची आम्हांला क्षमा कर. आमच्यामुळे जी मुले तुझ्यापासून दूर चालली आहेत, त्यांच्या वाटेवर तू त्यांच्याबरोबर चाल. आमेन.