स्वस्त सिंगल माल्ट : प्रदेशाचे नाव किती कामाचे?

एकाच डिस्टिलरीत कोंब आणलेल्या बार्लीपासून पॉट स्टिलमध्ये गाळलेली आणि स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपांत किमान ३ वर्षे मुरलेली व्हिस्की म्हणजे सिंगल माल्ट स्कॉच. २००९च्या नियमांनी तिचे पाच प्रदेश मान्य केले : लोलँड, हायलँड, स्पेसाइड, आयला आणि कँबेलटाउन. स्काय किंवा ऑर्कनीसारखी बेटे दुकानांत वेगळी मांडलेली दिसतात, पण कायद्याच्या लेखी ती हायलँडमध्येच मोडतात. ब्रिटनमध्ये ४० पौंडांच्या आतबाहेर मिळणाऱ्या बाटल्यांची तुलना केली, तर प्रदेशाच्या नावावर किती भिस्त ठेवावी याचा अंदाज येतो.

लोलँडची ओळख हलकेपणाची. ग्लासगोजवळची ऑकन्टॉशन दोनऐवजी तीनदा गाळते, त्यामुळे मद्यार्क अधिक शुद्ध आणि चव सौम्य होते. तिची ‘अमेरिकन ओक’ बर्बनच्या पिंपांत मुरते. व्हॅनिला आणि किंचित लिंबूवर्गी स्वाद, बस्स. नवख्याला ती चालते, मुरलेल्याला पाणचट वाटते.

स्पेसाइडमध्ये ५०च्या आसपास डिस्टिलऱ्या दाटीवाटीने उभ्या आहेत आणि जगभर खपणारे माल्ट बहुतेक इथलेच. १२ वर्षांच्या ग्लेनफिडिकमध्ये नाशपतीचा वास ठळक. ग्लेनलिवेट थोडी अधिक फुलांकडे झुकणारी. एल्गिनमधली ग्लेन मोरे या दोघींपेक्षा स्वस्त, आणि किमतीच्या मानाने मुळीच कमी नाही. मात्र त्याच स्पेसाइडची १२ वर्षांची अॅबरलोर शेरीची पिंपे वापरते, म्हणून तिच्यात बेदाणे आणि दालचिनी येते. प्रदेश तोच, चव निराळी, फरक पिंपाचा.

हायलँड एवढा विस्तीर्ण आहे की त्याला एक चव चिकटवणे व्यर्थच. टेनमधल्या ग्लेनमॉरेंजीचे स्टिल स्कॉटलंडमध्ये सर्वांत उंच, ५ मीटरहून अधिक. जड वाफ तेवढ्या मानेतून वर पोचत नाही, निम्म्या वाटेतच द्रवरूप होऊन खाली येते; वरून निघते ती नाजूक, संत्र्याच्या सालीची आठवण देणारी व्हिस्की. डीनस्टन ही तर १९६०च्या दशकात बदललेली जुनी सूतगिरणी. तिची १२ वर्षांची बाटली ४६.३ टक्क्यांची, मधाळ आणि मेणचट, आणि या किमतीत सर्वांत दुर्लक्षित.

धुराचा प्रश्न येतो तो बेटांवर. झाडे विरळ, कोळसा दूर, म्हणून बार्ली सुकवायला जमिनीतून कापलेले पीट जाळायचे. त्याच्या धुरातले फिनॉल दाण्याच्या सालीला चिकटतात आणि थेट पेल्यात उतरतात. पण पीट सगळीकडे सारखे नसते. ऑर्कनीवरचे पीट मुख्यत्वे हेदरच्या झुडपांचे, म्हणून १२ वर्षांच्या हायलँड पार्कचा धूर मंद आणि गोडसर. आयलावरच्या १० वर्षांच्या लाफ्रॉइगला मात्र टिंक्चर आयोडीनचा, समुद्री शेवाळाचा उग्र दर्प. पहिल्या घोटाला तोंड वाकडे होणे स्वाभाविक, आणि काहींचे ते कायमचे वाकडे राहते. त्याच बेटावरची १२ वर्षांची बोमोर मध्यम धुराची, तर बुनाहावनची १२ वर्षांची बाटली जवळजवळ बिनधुराची. ‘आयला म्हणजे धूर’ हे समीकरण इथेच मोडते. स्कायवरची टॅलिस्कर ४५.८ टक्क्यांची, मिठाची आणि घशात उरणाऱ्या मिऱ्याची.

कँबेलटाउनमध्ये एके काळी ३०हून अधिक डिस्टिलऱ्या होत्या. पडझडीनंतर उरलेल्या जुन्या नावांत स्प्रिंगबँक आणि ग्लेन स्कोशिया. स्प्रिंगबँक चाहत्यांनी महाग करून ठेवली आहे. ग्लेन स्कोशियाची ‘डबल कास्क’ खर्चात बसते, थोडी तेलकट, थोडी खारी.

प्रदेशाइतकेच लेबलावरचे बारीक अक्षर महत्त्वाचे. स्वस्त माल्ट बहुधा ४० टक्क्यांवर, म्हणजे कायद्याच्या किमान मर्यादेवर भरतात आणि गार करून गाळतात; बर्फ टाकल्यावर ते गढूळ होत नाहीत, पण अंगही पातळ होते. ४६ टक्क्यांवर या गाळणीची गरज सहसा पडत नाही. गडद रंगावर भुलू नये, कारण कॅरमेलचा रंग घालायला नियमांची परवानगी आहे.

भारतात या किमतींचा हिशेब कोलमडतो तो करांमुळे. २०२५मध्ये १५० टक्के असलेल्या आयात शुल्कावर राज्याचे अबकारी शुल्क चढते. महाराष्ट्राने २०२१मध्ये आयात स्कॉचवरचे हे शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले, तेव्हा बाटल्या बऱ्याच उतरल्या. जुलै २०२५मध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात आयात शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला २ लिटर मद्य विनाशुल्क आणता येते, आणि ४६ टक्क्यांची बाटली निवडायला तीच संधी सर्वांत फायद्याची.