सहल वाळवंटाची, सल्ला अर्धवट

संपादक महोदय,

राजस्थानच्या गट सहलीवरील लेखातला ‘सुती कपडे पुरेत’ हा सल्ला चुकीचा आहे. जानेवारीत जैसलमेरचा रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरतो. जवळच्या सम गावच्या वाळूत, उघड्यावर, स्वेटर आणि कानटोपी हवीच. गटामुळे बाजार धड पाहता येत नाही, हा लेखातला आक्षेपही लंगडा. दोष गटाचा नाही, आखणीचा. जोधपूर ते जैसलमेर सुमारे २८० किलोमीटर, म्हणजे अर्धा दिवस बसमध्येच. त्यात ‘खरेदी’ म्हणून ठरलेल्या एकाच दुकानात नेले, तर जोधपूरच्या घंटाघराजवळचे सरदार मार्केट राहणारच. पैसे भरण्यापूर्वी ठिकाणांची नावे नव्हे, तिथे मिळणारे तास विचारावेत. आयोजक ते सांगत नाहीत, असे कुणी म्हणेल. मग त्यांना आगाऊ रक्कम तरी का द्यावी?

आपला,
एक वाचक, सातारा