राजौरीची वाट उघडणारे राणे



जुलै लागला की आपल्याकडे कुणाला मान वर करायला सवड नसते. राब उपटायचा, मुठी बांधायच्या, चिखलणी, लावणी. पाठ वाकलेली ती संध्याकाळपर्यंत वाकलेलीच. त्यामुळे या महिन्यातल्या दोन तारखा आपल्या नजरेतून निसटतात. एक १० जुलै आणि दुसरी ११ जुलै.

१० जुलै १९४४ ला आपल्याच जिल्ह्यातले, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे इटलीत पडले. तुकडीतले साथीदार मेलेले किंवा जखमी झालेले, तरी हा गडी एकटा मशीनगनवर चालून गेला. वय अवघे २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, तो तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल.

११ जुलै १९९४ ला मेजर रामा राघोबा राणे पुण्याच्या लष्करी इस्पितळात वारले. वय ७६. छातीवर परमवीर चक्र.

घाडग्यांना म्हातारपण मिळालेच नाही. राण्यांना मिळाले. आज मला बोलायचे आहे ते या दुसऱ्याबद्दल, कारण जिवंत घरी आलेल्या शिपायाकडे आपले लक्ष जरा कमीच जाते.

राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. २६ जून १९१८ चा जन्म. वडील पोलिसात शिपाई. १९३० च्या चळवळीचे वारे पोराच्या कानात शिरले, तेव्हा वडिलांनी काळजीने बिऱ्हाड गावी हलवले. पोलिसाच्या घरातला पोरगा सत्याग्रहात, म्हणजे बापाची काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच ताडा! तोच पोरगा पुढे १० जुलै १९४० ला फौजेत भरती झाला, बॉम्बे इंजिनिअर्समध्ये.

कर्जतहून पुण्याची गाडी धरलीत तर शिवाजीनगरच्या अलीकडे खडकी लागते. तिथे या पलटणीचे ठाणे आहे. यांना सॅपर म्हणतात. रस्ते काढणे, पूल बांधणे, सुरुंग शोधून काढणे ही यांची कामे. बाकीची फौज लढायला जाते ती यांनी केलेल्या वाटेवरून. म्हणजे हातात बंदूक असली तरी काम पहार-फावड्याचे, तुमच्या-आमच्या ओळखीचे. भरतीनंतरच्या शिक्षणात राणे आपल्या तुकडीत पहिले आले आणि बक्षिसाची छडी मिळवली. पुढे ब्रह्मदेशात जपान्यांशी लढाई चालू असता, बुथिडाँगमधला फौजेचा माल शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तो नष्ट करायला त्यांना दोन तुकड्यांसह मागे ठेवले. न्यायला येणारी आरमाराची बोट आलीच नाही. जपान्यांचा पहारा असलेली नदी ओलांडून त्यांनी आपली माणसे परत आणली.

आता राजौरीची गोष्ट. एप्रिल १९४८. काश्मीरवर चालून आलेल्या हल्लेखोरांनी राजौरी गाव धरले होते, तिथल्या लोकांचे हाल चालले होते. आपली फौज नौशेऱ्याहून निघाली. बरोबर रणगाडे होते, पण रस्ता डोंगरातला. आपला बोरघाट डोळ्यांपुढे आणा. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि जुन्या काळातली अरुंद वाट. तिच्यावर झाडे आडवी टाकली, भराव उडवला, सुरुंग पेरले की रणगाड्याने जायचे कुठून? खालापूरकरांना हे समजावून सांगायला नको. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा यंत्रे पायथ्याशी उभी होती, आणि मदतीची माणसे चालत वर गेली होती.

८ एप्रिलला डोग्रा पलटणीने नौशेऱ्यापासून ११ किलोमीटरवरची बरवालीची टेकडी घेतली. पुढची वाट उघडायचे काम सेकंड लेफ्टनंट राण्यांकडे. कामाला हात लावतात तोच तोफगोळे येऊ लागले. दोन सॅपर ठार, पाच जखमी. जखमींत राणेही होते. पण ते मागे गेले नाहीत.

सुरुंग कसा काढतात ठाऊक आहे? संगिनीचे टोक किंवा लोखंडी सळई तिरपी धरून माती हळूच टोचायची. कडक लागले की थांबायचे. मग रोपाच्या मुळाशी खुरपावे तशी बोटांनी माती बाजूला करायची. हात चुकला की संपले. आणि हे वरून गोळ्या येत असताना. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, दोरीच्या खुणेने चालकाला थांब-चल सांगत राण्यांनी वाट काढली, ही हकिगत फौजेत अजून सांगतात.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला त्यांनी पाइनच्या आडव्या झाडांचा अडसर फोडायला घेतला. मशीनगन चालूच होती. साडेसहाला वाट मोकळी. पुढे पुन्हा अडसर, पुन्हा काम. रणगाडे चिंगसला पोहोचले तरी हे रात्री नऊपर्यंत मागचा रस्ता नीट करीत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे परत हजर. १२ तारखेला फौज राजौरीत शिरली.

परमवीर चक्र आजवर २१ जणांना मिळाले, त्यातले १४ मरणोत्तर. जिवंतपणी ते छातीवर लावून घेणारे सातच, त्यांत राणे अगदी सुरुवातीचे. १९६८ ला मेजर म्हणून निवृत्त झाले, तरी पुन्हा कामावर घेतले आणि १९७१ पर्यंत राहिले. त्यांच्या हयातीतच, १९८४ मध्ये, एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले गेले. कारवारच्या किनाऱ्यावर २००६ मध्ये पुतळा झाला, २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटालाही नाव मिळाले.

एवढे सगळे मेजरसाहेबांचे. आमच्या आळीतल्या आजोबांच्या नावाने बेट नाही. तेही सॅपर. १९७१ ला कुठेतरी पुलाच्या कामावर होते, एवढेच आम्हाला ठाऊक. मागच्या पावसाळ्यात गेले. नंतर आजींच्या कुटुंब-पेन्शनचे कागद अडले, कारण फौजेच्या पुस्तकात त्यांचे माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे. आठ महिने हेलपाटे. आजोबा असते तर एका अर्जात दुरुस्ती झाली असती.

तुमच्या घरी फौजेतून आलेले कुणी असतील तर या आवणाची घाई उरकली की त्यांची पेटी त्यांच्यादेखत उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम, बँकेचे पुस्तक बाहेर काढा. बायकोचे नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एकच आहे का पाहा. फरक दिसला तर अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे विचारा. पेटीत फोटो निघाले तर मागे पेन्सिलीने नावे लिहून घ्या.

आजोबांच्या पेटीत एक फोटो निघाला. लाकडी पुलावर आठ तरणी पोरे उभी, पॅन्टी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या. मागची बाजू कोरी. आजींनी डावीकडून तिसऱ्यावर बोट ठेवले. ‘‘हे आमचे. बाकीचे कोण ते त्यांनाच ठाऊक.’’