‘पडीक’ कुणाला म्हणताय?

दोन पावसाळ्यांपूर्वी मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावच्या गायरानावर खड्डे खणले. कंपनीचा वृक्षारोपणाचा कार्यक्रम होता. सगळ्यांना सारखे टी-शर्ट, नाश्त्याला उपमा, आणि प्रत्येकाच्या वाट्याला गिरिपुष्पाची पाच रोपं. मी लातूरचाच, त्यामुळे जरा जास्तच उत्साहात होतो. निघताना ढोरं घेऊन आलेले एक मामा नव्या तारेच्या कुंपणापाशी थबकले. मी त्यांना म्हटलं, "मामा, आता बघा, इथं पूर्वीसारखं जंगल होतंय."

ते म्हणाले, "लई चांगलं केलं बाबा. पण ढोरं आता कुठं न्यावं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि ‘पूर्वीसारखं’ हा शब्द मी कुठून आणला, हेही मला सांगता आलं नसतं. तो आपण सगळेच वापरतो. मराठवाडा पूर्वी घनदाट अरण्य होतं, माणसानं झाडं तोडली, म्हणून माळ उघडा पडला, म्हणून दुष्काळ आला. शाळेच्या निबंधापासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत हीच गोष्ट. माझं म्हणणं असं आहे की आपल्या बऱ्याचशा माळांपुरती ही गोष्ट चुकीची आहे आणि तिच्यामुळे रोज नुकसान होतंय. साक्षीदार हवा असेल तर तो आपल्याच मांजरा नदीच्या गाळात आहे.

मांजरेच्या काठच्या थरांत हिमयुगाच्या काळातल्या मोठ्या प्राण्यांची हाडं आणि दात सापडले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या र. वि. जोशी, एस. एन. राजगुरू, जी. एल. बदाम आणि सहकाऱ्यांनी या खोऱ्याचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे विजय साठे यांनी लातूर जिल्ह्यातल्या हरवाडीसारख्या ठिकाणी काम केलं. तिथे हत्ती होता, पाणघोडा होता, आणि प्रचंड शिंगांचा रानटी बैल होता. त्या बैलाचं शास्त्रीय नाव बॉस नॅमाडिकस. लातूरला पाणघोडा, हे ऐकून आपण ‘भारी’ म्हणतो आणि पुढचा व्हिडिओ बघतो. पण खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो: हे सगळे खात काय होते?

हे कळतं दातांवरून. गवत चावणं दातांना महागात पडतं. पात्यांत सिलिकाचे बारीक कण असतात, शिवाय जमिनीलगतची धूळ पोटात जाते. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गवतावर जगणाऱ्या जनावरांच्या दाढा उंच असतात, आयुष्यभर झिजायला पुरतील अशा. पाला खाणाऱ्यांच्या दाढा ठेंगण्या. सूक्ष्मदर्शकाखाली आणखी दिसतं. गवत खाणाऱ्याच्या दाढेवर ओरखडे जास्त, कठीण बिया आणि फळं फोडणाऱ्याच्या दाढेवर खळगे जास्त. हे ओरखडे मरणाआधीच्या थोड्याच दिवसांचा हिशोब सांगतात.

तिसरी साक्ष रसायनाची. झाडं, झुडपं, डाळी, गहू, तांदूळ हे सगळे एका पद्धतीनं हवेतला कार्बन पकडतात. तिला सी-थ्री म्हणतात. उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं दुसऱ्या पद्धतीनं, सी-फोर. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस याच दुसऱ्या गटातले. दोन्हींत कार्बन-१३ या जड कार्बनचं प्रमाण वेगळं असतं, आणि खाणाऱ्याच्या दाताच्या इनॅमलमध्ये तो फरक कायमचा नोंदला जातो. दात घडत असताना जनावर पाल्यावर वाढलं की गवतावर, हे हजारो वर्षांनीही मोजता येतं.

आता मांजरेकाठच्या पंगतीकडे बघा. रानटी बैल हा उंच दाढांचा, मुख्यतः गवत चरणारा प्राणी. हत्तीकुळाला गवत आणि पाला दोन्ही लागतं. आफ्रिकेतला आजचा पाणघोडा दिवसभर पाण्यात बसतो, पण रात्री बाहेर येऊन काठचं गवत चरतो, एका रात्रीत चाळीसेक किलोपर्यंत. म्हणजे पाणघोड्याच्या हाडांचा अर्थ ‘इथे पाणी होतं’ एवढाच नाही. बारमाही डोह होता आणि डोहालगत कुरण होतं. ही पंगत घनदाट अरण्यात बसत नाही. तिला लागतं मोकळं गवताळ रान, मधूनमधून झाडं, आणि ओढ्यानदीकाठी गर्द पट्टे. ज्याला आपण माळ म्हणतो, ते.

कुणी म्हणेल, तेव्हाचं हवामान वेगळं होतं, त्या पुराव्यावर आज कशाला भांडायचं? रास्त आहे. म्हणून दोन्ही टोकं बघू. जुन्या टोकाला शिवालिक टेकड्या आहेत. तिथल्या जुन्या मातीतला आणि दातांतला कार्बन सांगतो की उपखंडात सी-फोर गवतं सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी पसरली. तेव्हा कुऱ्हाड चालवायला माणूसच नव्हता. अलीकडच्या टोकाला आपली भाषा आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या मराठी ओव्या, चरित्रं आणि कथांमधले झाडाझुडपांचे उल्लेख त्यांनी गोळा केले, आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात साडेसातशे वर्षांपासून माळरानाचीच झाडं भेटतात असं दाखवलं. तो पट्टा मराठवाड्याचा नाही हे मान्य. पण माळ म्हणजे मेलेलं जंगल, हे गृहीतक त्याच्यापुढे टिकत नाही.

तरी सरकारी नकाशात माळ काय आहे? देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी रानं आणि ‘ऱ्हास झालेली कुरणं’ पडीक या सदरात येतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादा रकाना रिकामा दिसला तर त्याचा अर्थ तिथे काही नाही असा नसतो. कुणी भरलं नाही, एवढाच असतो. माळाच्या रकान्यात कुसळी, मारवेल, शेडा, काळवीट, लांडगा, माळढोक, मेंढपाळ हे कुणी भरलंच नाही. मग रिकाम्या जागेवर काहीही ठेवता येतं. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यानं ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं. इतकी झाडं लावायला जागा कुठली सापडणार? जिच्यावर कुणाचा सातबारा नाही, ती. गवताची मुळं जमिनीत कार्बन साठवतात आणि आग लागली तरी तो तिथेच राहतो, पण मुळांसोबत सेल्फी निघत नाही.

उलटी चूकही तितकीच सोपी आहे. पाणघोडा होता म्हणजे लातूर पाण्याचं होतं, मग ऊस लावायला काय हरकत? हरकत अशी की एप्रिल २०१६ मध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि तेव्हाही ऊस हे आपलं प्रतिष्ठेचं पीक होतं. त्या डोहातलं पाणी काठचं गवत पीत नव्हतं. ते गवत पावसावर उगवायचं आणि उन्हाळ्यात वाळून वाट बघायचं.

आता त्या रानटी बैलाचे वंशज. वशिंडाच्या गाईबैलांचा तोच पूर्वज, उपखंडाच्या वायव्येला सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी माणसाळलेला. आपल्या लातूरची देवणी आणि नांदेडची लाल कंधारी ही त्याचीच दूरची नातवंडं. त्यांना आज काय मिळतं? गायरान कुंपणात गेलं. सोयाबीनमुळे ज्वारी घटली, तिच्यासोबत कडबा. उरलं उसाचं वाढं आणि भुसकट. गंमत बघा: उद्या कुणी आजच्या एखाद्या देवणीचा दात तपासला आणि ती वाढ्यावर वाढलेली असली, तर कार्बन सांगेल, सी-फोर, गवतच गवत! कारण ऊसही गवतच. त्या अभ्यासकाला वाटेल, एकविसाव्या शतकात लातूरला काय कुरणं होती! दावणीला बांधलेली गाय त्या आकड्यात दिसणार नाही.

मी झाडांच्या विरोधात नाही. रस्त्याकडेला लावा, बांधावर लावा, ओढ्याकाठी लावा, लातूर शहरात तर दुप्पट लावा. पण गायरानावर कुदळ मारण्याआधी तिथे काय उगवतं आणि कोण चरतं हे ग्रामसभेत विचारा. अतिचराईनं माळ खरोखर खंगले आहेत, हे मान्य. त्यावर उपाय आपल्या आजोबांना माहीत होता: पावसाळ्यात रान राखायचं, गवत बी धरेपर्यंत ढोरं आत सोडायची नाहीत, मग पाळीनं चारायचं किंवा कापून न्यायचं. त्याला रोपवाटिका लागत नाही, ठेकेदार लागत नाही. बहुधा म्हणूनच त्याची योजना होत नाही.

गेल्या दिवाळीत मी त्या गायरानावर पुन्हा गेलो. माझ्या पाचांपैकी दोन रोपं जगलीत, चांगली उंच झालीत. शेळीसुद्धा त्यांना सहसा तोंड लावत नाही. कुंपणाच्या आत कुसळी गुडघ्याएवढी वाढून वाळली होती. मामांची ढोरं बाहेर रस्त्याकडेला उभी होती.