अवघड गाणी आणि धीट गळे

आपल्या गळ्यावर भरवसा असलेली एखादी जपानी तरुणी कराओकेच्या खोलीत माईक हाती घेते, तेव्हा तिच्यापुढे पहिला प्रश्न निवडीचा असतो. यंत्रात गाणी हजारो. त्यांतून आपल्या योग्यतेचे गाणे कोणते? या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकाच मापाने शोधले जाते : सूर सर्वांत उंच कुठे जातो? हे माप मला मुळातच चुकीचे वाटते. उंच सूर ही अवघडपणाची अगदी ढोबळ खूण झाली. खरी कसोटी दमसासाची आहे, हरकतीची आहे आणि त्याहूनही अधिक, गाण्यातली ती बाई होऊन चारचौघांत उभे राहण्याच्या धिटाईची आहे.

‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचे जपानी तोंडातले लघुरूप. वाद्यवृंद आहे, गाणाऱ्याची जागा मात्र रिकामी! टोकियोत नेगिशी शिगेइची यांनी 1967 साली आणि कोबे शहरात इनोउए दाइसुके यांनी 1971 साली अशी यंत्रे स्वतंत्रपणे तयार केली. इनोउए यांनी पेटंट घेतले नाही, त्यामुळे संपत्ती इतरांच्या पदरी पडली आणि त्यांना 2004 साली मिळाले ते शांततेचे ‘इग नोबेल’ हे विनोदी पारितोषिक. माणसांना एकमेकांना सहन करण्याचा नवा मार्ग दाखविला, हे त्यांचे कार्य! थट्टा उत्तम आहे. पण तिच्यात गाणारा बेसूरच असणार हे गृहीत धरलेले आहे. जी सुरात गाते, तिचे काय?

तिच्यासाठी जपानमध्ये एक गाणे जणू राखून ठेवलेले आहे. इशिकावा सायुरी यांचे 1986 सालचे ‘आमागी-गोए’. आमागी हा इझु द्वीपकल्पातील डोंगर, आणि ‘गोए’ म्हणजे तो ओलांडणे. प्रियकर दुसरीचा होण्यापेक्षा त्याचा जीवच घ्यावा, असे वाटणारी स्त्री या गाण्यात बोलते. सामान्यांना सहजासहजी गाता येऊ नये, केवळ इशिकावांनाच पेलावे, अशा हेतूने ते रचले गेले असे सांगतात. आणि झाले काय? जे कुलूप लावून ठेवले, तेच साऱ्या देशातल्या बायकांनी उघडून घेतले. कराओकेत ते आजही आवडीने गायिले जाते.

या गाण्यात अवघड काय आहे? आरंभ जवळजवळ कुजबुजीचा आहे, खालच्या सुरात, शब्द दातांखाली धरून. तेथेच बहुतेकजणी फसतात, कारण पुढे चढायचे आहे या घाईने त्या सुरुवातीलाच आवाज मोकळा सोडतात. पुढे सूर चढत जातो आणि ध्रुपदात तो संताप आणि वासना एकाच श्वासात घेऊन फुटतो. केवळ सूर गाठला तर ती आरडाओरड होते. सूर गाठूनही मनाचा तोल सुटू देणारी, आणि सुटलेला तोल गळ्यावर सांभाळणारी गायिका येथे हवी. वार्षिक स्नेहसंमेलनात ‘छान, गोड’ म्हणवून घेण्याची सवय लागलेल्या गळ्याला हे जड जाते. गोडवा येथे कामाचा नाही.

अशा गाण्यांना जपानीत ‘एन्का’ म्हणतात. आपल्या वाचकांना एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. एन्काच्या पुष्कळशा चाली ‘योनानुकी’ नावाच्या स्वरपंक्तीत असतात. योनानुकी म्हणजे ‘चार आणि सात वगळून’. आपल्या भाषेत, मध्यम व निषाद वर्ज्य! म्हणजे शुद्ध स्वरांचा भूपच. एन्कात वारंवार येणाऱ्या उदास प्रकारात गंधार आणि धैवत कोमल होतात, इतकेच. स्वरांवरची जी बारीक वळणे, त्यांना ते ‘कोबुशी’ म्हणतात. मुरकीशी तिचे नाते जुळते. म्हणून शास्त्रीय गाणे शिकलेल्या मराठी मुलीला एन्का वाटते तितकी परकी नाही. मात्र एक इशारा द्यायला हवा. आपली मुरकी विस्ताराची वाट शोधते. कोबुशी एका शब्दाच्या दुखऱ्या जागी येते आणि थांबते. तेथे हौसेने आणखी दोन मुरक्या घातल्या की गाणे गेलेच.

याउलट मिसोरा हिबारी यांचे 1987 सालचे ‘मिदारेगामी’ घ्या. विस्कटलेले केस, समुद्रकाठ, दीपस्तंभ, आणि एकटी बाई. दीर्घ आजारातून उठल्यावर हिबारींनी हे गाणे दिले. पुढच्याच वर्षी त्या तोक्यो डोममध्ये उभ्या राहिल्या, आणि 1989 साली, वयाच्या 52 व्या वर्षी, गेल्या. या गाण्यात भर आवाजातून कृत्रिम पातळ आवाजात अलगद सरकायचे असते, आणि तो सांधा कानाला कळू द्यायचा नसतो. मोठ्या आवाजाच्या मुली याच्या वाटेला जात नाहीत, कारण टाळ्या मिळण्याजोगे त्यात काही दिसत नाही. माझ्या मते हे ‘आमागी-गोए’पेक्षाही कठीण आहे.

मिसिया यांच्या 1998 च्या पहिल्याच गाण्यात शिट्टीसारखे अतितार सूर आहेत. ते ऐकून थक्क व्हावे. पण ज्यांना ते निसर्गतः लाभलेले नाहीत त्यांनी त्यामागे धावू नये. त्यांचेच 2000 सालचे ‘एव्हरीथिंग’ संथ आहे. त्यातला लांब धरलेला सूर शेवटपर्यंत न हलू देणे, हा अभ्यास कोणालाही करता येण्यासारखा आहे.

अलीकडच्या गाण्यांची अडचण निराळीच. 2007 साली साप्पोरोच्या एका कंपनीने ‘हात्सुने मिकू’ हा संगणकी आवाज विकायला काढला. या आवाजाला फुप्फुसे नाहीत! तेव्हा त्याच्यासाठी रचलेल्या चालींत श्वास घ्यायला जागा ठेवण्याचे कारणच उरले नाही. त्या वळणावर वाढलेले रचनाकार पुढे माणसांसाठी लिहू लागले. योआसोबीचे 2023 सालचे ‘आयडॉल’ त्यातलेच : पट्टी मध्येच बदलते, शब्दांचा वर्षाव होतो, आणि गाणारीने हसतमुख राहायचे. आदो या गायिकेचे ‘उस्सेवा’ 2020 मध्ये आले तेव्हा तिला अठरा वर्षे पूर्ण व्हायला एक दिवस होता. घरच्या कपाटात बसून ध्वनिमुद्रण करणारी, चेहरा न दाखवणारी ही मुलगी शहाणपण शिकवणाऱ्या थोरामोठ्यांवर भर गाण्यात डाफरते. घोगरा आवाज, लगेच वर उडी, पुन्हा खाली. 2024 साली टोकियोच्या राष्ट्रीय क्रीडागारात एकटीचा कार्यक्रम करणारी ती पहिली गायिका ठरली. 1986 ची ती आमागीवरची बाई आणि ही कपाटातली मुलगी यांच्यात मला सख्खे नाते दिसते. जे एरवी बोलता येत नाही, ते दोघी सुरात बोलतात.

आता यंत्राकडे वळू. आजची यंत्रे गुण देतात. पडद्यावर स्वरांच्या पट्ट्या सरकतात. सूर पट्टीवर बसला की गुण, कंप आला की गुण, कोबुशीचीसुद्धा मोजदाद! सुरांची शिस्त लागायला याचा उपयोग आहे, हे मी नाकारीत नाही. पण यंत्र कोबुशी मोजते, ती कोणत्या शब्दावर आली हे त्याला कुठे कळते? ‘मिदारेगामी’ नेटकेपणाने आणि कोरड्या डोळ्यांनी गाऊन नव्वदाच्या वर गुण मिळू शकतात. त्यातच भर म्हणजे मूळ पट्टीचा अभिमान. यंत्रावर पट्टी खालीवर करण्याचे बटण असते; पण ते दाबणे हा कमीपणा समजून गळा ताणणाऱ्या मुली कमी नाहीत. आपल्याकडे एखादी गायिका काळी चारात गाते की काळी पाचात, यावरून कोणी तिची प्रत ठरवीत नाही. मग येथेच ही लाज कशाला? दोन सूर खाली घेतलेले ‘आमागी-गोए’ ऐकताना अंगावर काटा येत असेल, तर ते खालीच गावे.

‘अहो, कराओके म्हणजे मौज; एवढा ऊहापोह कशाला?’ असे कोणी म्हणेल. मौजेसाठी सोपी गाणी मुबलक आहेत आणि ती जरूर गावीत. परंतु जी मुलगी मुद्दाम अवघड गाणे मागून घेते, तिला मौजेपेक्षा काही अधिक हवे असते. तिने ध्रुपदातला उंच सूर घरी पाहून ठेवलेला असतोच. तिने आरंभीच्या त्या कुजबुजलेल्या ओळींवर आठवडाभर बसावे, असे मला वाटते.