नोटीस बोर्डावरचे बूट

आमच्या वडगावातल्या घराशेजारी एक अज्जी राहत. कुणाच्याही घरी लग्नाला निघालेल्या बायका त्यांच्या दारावरून गेल्या, की त्या पानाचा विडा चघळत म्हणायच्या, ‘ऊट तन्निच्छे, नोट पररिच्छे.’ जेवण आपल्या मनासारखे, दिसणे मात्र दुसऱ्याच्या मनासारखे. मराठीत आपण ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ म्हणतो, पण त्यात नुसती कपड्याची तारीफ आहे. अज्जींच्या म्हणीत समोरचा माणूस आहे. नोकरीच्या ठिकाणी काय घालून जावे, हा प्रश्न विद्यार्थी विचारतात तेव्हा मला ही कन्नड म्हणच आधी आठवते.

आणि तिच्या पाठोपाठ माझी एक चूक.

काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात मुलाखतीसाठी एक कंपनी येणार होती. नोटीस लिहायचे काम माझ्याकडे आले. अक्षर बरे, म्हणून अशी कामे माझ्याच वाट्याला येतात. तारीख, वेळ, कागदपत्रे लिहून झाल्यावर मी खाली आणखी एक ओळ घातली : ‘फॉर्मल ड्रेस व बूट सक्तीचे.’ कंपनीने असे काहीच कळवले नव्हते. मला वाटले, मुलांना शिस्त लागेल.

यादीतली तीन मुले आली नाहीत. त्यातली एक निपाणीकडची, हॉस्टेलवर राहणारी, वर्गात दुसरी येणारी मुलगी. मराठी बोलता बोलता सहज कन्नडमध्ये शिरायची आणि परत यायची. कंपनीला अगदी अशीच मुले हवी होती. आठवड्याने तिला गाठले. आधी ताप होता म्हणाली. मग मान खाली घालून म्हणाली, ‘‘मॅडम, बूट न्हाईत माझ्याकडं. आणि चांगला ड्रेस घरातनं आणला, तर त्याला तंबाखूचा वास येतोय. आई बिड्या वळती न्हवं.’’

निपाणीच्या वाचकांना हा वास सांगायला नको. घर एका खोलीचे असेल, तर तंबाखू, सूप, भिजवलेली पाने आणि दोरीवरचे कपडे सगळे एकाच जागी. धुतलेला कपडासुद्धा तो वास धरून ठेवतो. त्यावर उपाय काय, असे मी तिलाच विचारले, कारण मला माहीत नव्हते. तिनेच नंतर काढला : एक ड्रेस घरी न्यायचाच नाही. हॉस्टेलच्या गच्चीवर वाळवायचा आणि मैत्रिणीच्या पेटीत ठेवायचा. ती कंपनी मात्र पुन्हा आली नाही.

तेव्हापासून ‘फॉर्मल’ हा शब्द मी जपून वापरते. आपल्याकडे त्याचा अर्थ बूट, टाय आणि गडद पँट एवढाच झाला आहे. १८८५ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली शेजारी शेजारी आहेत. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. डॉक्टर होऊ घातलेल्या बाईने परदेशात साडी नेसली याचे कौतुक होते, पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त शहाणपणाची वाटते. नऊवारीत पाय उघडे राहतात, तिथली थंडी सोसणार नाही, म्हणून आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. साडी सोडली नाही, नेसण फक्त बदलली.

सरकारलाही या विषयाचे वेड आहे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट आणि स्लीपर बंद केल्या, शुक्रवारी खादी वापरायला सांगितले. काही महिन्यांतच जीन्सवरची बंदी उठली. मग मार्च २०२४ मध्ये शिक्षकांची पाळी आली. कागल-चंदगडकडच्या शाळांत शिकवणाऱ्या आपल्या लेकी-सुनांना तो आदेश पाठ असेल. त्या मानाने वकिलांचा नियम समजूतदार. काळा कोट त्यांच्या अंगाला चिकटलेला वाटतो, पण उन्हाळ्यात जिल्हा व तालुका न्यायालयांत तो सक्तीचा नाही, तशी सवलत बार कौन्सिलच्या नियमांतच आहे.

मग मुलांना सांगायचे काय? मी एवढेच सांगते, की कपडा धुतलेला, इस्त्रीचा आणि मापाचा असावा. नवा नसला तरी चालेल. उसना शर्ट खांद्यावरून उतरत असेल तर आदल्या दिवशी टेलरकडे जा, दोन टाके घालायला तो फारसे घेत नाही. दाढी त्याच दिवशी सकाळी. नखे कापलेली. अत्तर नकोच, बंद खोलीत समोरच्याचे डोके धरते. मुलींनी बांगड्या जरूर घालाव्यात, पण लिहिताना टेबलावर वाजणार नाहीत एवढ्याच. आणि बेळगावचा पाऊस! जूनपासून तांबड्या चिखलाचे शिंतोडे पोटरीपर्यंत येतात. तेव्हा रबरी चप्पल घालून निघा, चांगली पिशवीत ठेवा, पोचल्यावर पाय धुऊन बदला. ऑनलाइन मुलाखत असली तरी पूर्ण तयार होऊन बसा. मध्येच फाइल आणायला उठावे लागते, आणि खाली लुंगी असते.

साडीबद्दल मी थोडी पक्षपाती आहे. शहापूर-वडगावच्या मागावरची साधी साडी आणि खणाचे कुप्पस घालून मी वर्षानुवर्षे वर्गावर जाते. ‘इलकल सीरी उट्टिरी!’ असे एखादी कन्नड मैत्रीण कौतुकाने म्हणते, तेव्हा ही इरकल नसून शहापूरची आहे, हे सांगण्यात माझी पाच मिनिटे जातात. पण नव्या मुलीला साडीची सवय नसेल, तर पहिल्या मुलाखतीला ती नेसू नये. सगळे लक्ष निऱ्यांकडे राहते आणि प्रश्न कानावरून जातो.

आमच्या विभागातल्या एका लोखंडी कपाटात आता तीन शर्ट, दोन पँट, दोन सलवार-कमीज आणि बुटांचे चार जोड आहेत. काही माझ्या घरातले, काही सहकाऱ्यांनी दिलेले. किल्ली शिपाईमामांकडे असते. कोण काय घेऊन गेले याची वही ठेवायची नाही, असे ठरले आहे. गेल्या महिन्यात सात नंबरचे काळे बूट कुणीतरी नेले. परत आले तेव्हा पॉलिश केलेले होते आणि तुटलेल्या नाडीच्या जागी नवी नाडी होती.